बँकेत इंटर्न म्हणून जाताय? कपड्यांच्या या चुका टाळा

दर उन्हाळ्यात आमच्या शाखेत दोन-तीन पोरं-पोरी इंटर्नशिपला येतात. कुणी बी.कॉम.चं, कुणी एमबीएचं पहिलं वर्ष संपवून. पहिल्या दिवशी दारातून आत येताना बघितलं की त्यांच्या घरी काल रात्री काय बोलणं झालं असेल ते कळतं. "बँकेत चाललायस, जरा साहेबासारखा जा." मग कपाटातून मामाच्या लग्नात शिवलेला ब्लेझर निघतो. मे महिन्यात, सोलापुरात, जिथं दुपारी पारा ४० च्या पुढं जाणं ही बातमीसुद्धा नसते.

साहेब दिसायची घाई

ब्लेझरचा प्रश्न नुसता घामाचा नाही. एक तारखेला पेन्शनवाल्यांची गर्दी होती. काळा ब्लेझर, लाल टाय घातलेला आमचा इंटर्न स्लिपा भरायच्या टेबलाजवळ उभा होता. एका आजींनी सरळ त्याच्या हातात पासबुक आणि दहा हजार रुपये ठेवले. "साहेब, एवढे खात्यात टाका." पोरगा भला, त्याला नाही म्हणवेना. पैसे घेऊन तो रांगेत उभा राहिला आणि उकडतंय म्हणून ब्लेझर काढून आत खुर्चीवर ठेवून आला. इकडं आजी 'काळ्या कोटवाल्या साहेबा'ला शोधतायत आणि शाखेत कोट घातलेला माणूसच नाही! दहा मिनिटं नुसता गोंधळ. पैसे सुखरूप खात्यात गेले, पण त्या दहा मिनिटांत मॅनेजर मॅडमचा चेहरा कसा झाला होता ते मी अजून विसरलो नाही.

इंटर्ननं ग्राहकाची रोकड हातात घ्यायचीच नसते. कुणी पैसे पुढं केले तर नम्रपणे खिडकी दाखवायची. पण अंगावर साहेबी थाट असला की लोक विचारत नाहीत, हातात ठेवूनच मोकळे होतात. म्हणून साधा फिक्या रंगाचा फुल शर्ट, गडद पँट, बस. टाय बँकेनं सांगितला तरच. आणि ओळखपत्र खिशात नको, छातीवर दिसेल असं हवं. ग्राहकाला 'हा शिकाऊ आहे' हे तोंड उघडण्याआधी कळलं पाहिजे.

याच्या उलट चूकही बघितलीय. एका पोरीनं पहिल्या शनिवारी बघितलं की दोन क्लार्क जीन्स घालून आलेत. पुढच्या आठवड्यात ही मंगळवारी जीन्समध्ये हजर. वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला जी सूट मिळते ती आपल्याला आहेच असं धरू नका. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी शाखेत फोन करून विचारा. आमच्याकडं तरी याला कुणी हसत नाही.

रंग आणि कापड

आकाशी शर्ट बँकेचा म्हणून सगळे तोच घेतात. पण घामाचा डाग आकाशी आणि राखाडी रंगावर सगळ्यात ठसठशीत उठतो. पांढरा किंवा अगदी गडद निळा बरा. पांढऱ्याखाली साधी बनियन घाला, छापील टी-शर्ट नको; ट्यूबलाइटखाली त्यावरचं चित्र आरपार दिसतं. आकाशी शर्ट आणि नेव्ही ब्लू पँट ही जोडी तर टाळाच. युनिफॉर्म शिवण्यात आपल्या शहराचं देशभर नाव आहे, त्यामुळं ती जोडी सिक्युरिटीवाल्यांच्या अंगावर पावलोपावली दिसते. एकाला दिवसभर "वॉचमन, पार्किंग कुठाय?" ऐकावं लागलं.

निव्वळ पॉलिएस्टर घेऊ नका. सुती घेतलंत आणि शिवून घेणार असाल तर कापड आधी पाण्यातून काढा, मग शिंप्याकडं द्या. नाहीतर पहिल्या धुण्यातच बाह्या मनगटाच्या वर चढतात. गाडीवरून येणाऱ्यांनी दहा-पंधरा मिनिटं आधी पोचावं आणि पंख्याखाली उभं राहून मग कामाला लागावं. जास्तीचा शर्ट दिवसभर गाडीच्या डिकीत ठेवू नका. दुपारपर्यंत त्याचा चुरगळलेला पापड होतो.

पोरींना सल्ले फारच मिळतात, अर्धे तर न विचारताच. मी दोनच गोष्टी सांगतो. साडी नेसायची सवय नसेल तर पहिल्या दिवशी नेसू नका; कुर्ता-सलवार पूर्ण चालतो. रेकॉर्ड रूममध्ये वरच्या फळीवरची धुळकट फाइल काढायला स्टुलावर चढावं लागतं, तेव्हा निऱ्या सांभाळायच्या की फाइल? दुसरं, सँडलला मागं पट्टा असू द्या.

शाखेबाहेरचं काम

इथं पोरं हमखास फसतात. इंटर्नला कर्जाच्या तपासणीला सोबत नेतात आणि आपल्याकडं तपासणी म्हणजे बऱ्याचदा यंत्रमागाचा कारखाना. चादरी, टॉवेल विणणाऱ्या मागांजवळ हवेत सुताचं तूस उडत असतं. काळी पँट घालून गेलात की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे परत येता. त्या दिवशी राखाडी किंवा खाकी पँट बरी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चालू मागाजवळ गळ्यात काहीही लोंबकळत नको. टाय, ओढणी, स्कार्फ, ओळखपत्राची पट्टीसुद्धा. पट्टी काढून खिशात ठेवा, ओढणी घट्ट खोचून गाठ मारा. ही सभ्यतेची नाही, जिवाची गोष्ट आहे. गाडीवर मागं बसतानाही ओढणीचं तेच.

बचत गटाच्या बैठकीला गेलात तर चपला-बूट दाराबाहेर आणि तुम्ही सतरंजीवर. अंगठा बाहेर आलेला मोजा तेव्हाच सगळ्यांना दिसतो. तंग पँटमध्ये मांडी घालून तासभर बसवत नाही हेही तेव्हाच कळतं. घरी एकदा मांडी घालून बघा, मग ती पँट घ्या.

नवे बूट थेट पहिल्या दिवशी घालू नका. आठवडाभर संध्याकाळी घरातल्या घरात घाला. टाच आधीच सोलली असेल तर पट्टी चिकटवून मग मोजा चढवा.

ऐनवेळी अडलं तर

बॉलपेनची शाई लागली तर चोळू नका. खाली कागद धरा आणि हँड सॅनिटायझर कापसावर घेऊन टिपत राहा. शिक्क्याची शाई मात्र सहजी जात नाही. शिक्के मारायला बसताना बाह्या दोन घड्या वर घ्या. जुन्या नोटांच्या धुळीनंही कफ काळे होतात.

पँटची दुमड सुटली तर आतून स्टेपलरच्या दोन पिना, घरी जाईपर्यंत टिकतात. तूस काढायला रुंद चिकटपट्टी उलटी करून हाताला गुंडाळा आणि थापटत जा. बँकेत चिकटपट्टीला तोटा नसतो, फक्त विचारून घ्या. बटण तुटलं तर आमच्या शिपाईकाकांच्या खणात सुई-दोरा असतो. तुमच्या शाखेतही कुणाकडं तरी असेल, पण आपला असलेला बरा.

कपडे किती लागतात? चार शर्ट, दोन पँट पुरतात. दुसरा आणि चौथा शनिवार बँकेला सुट्टी, बाकी शनिवारी काम, म्हणजे कधी पाच दिवसांचा आठवडा, कधी सहा. आठवड्याच्या मधे एकदा धुणं आणि इस्त्री जमवा. जोडी बदलत राहिलात तर कुणी मोजत बसत नाही.

त्या ब्लेझरवाल्या पोरानं दुसऱ्याच दिवसापासून साधा पांढरा शर्ट धरला. पुढच्या एक तारखेला त्याच आजी आल्या, त्याच्याकडूनच स्लिप भरून घेतली आणि जाता जाता माझ्या खिडकीशी थांबून हळूच म्हणाल्या, "तो कोटवाला साहेब बदलून गेला का हो?"