इंग्रजीत ‘वॉशिंग्टन’ हे नाव अचूक कसे लिहावे

इंग्रजी मजकुरात नुसते ‘वॉशिंग्टन’ लिहिले, तर अमेरिकेच्या पूर्व भागातला वाचक देशाची राजधानी समजतो आणि वायव्येकडच्या सिएटल शहरातला वाचक आपले वॉशिंग्टन राज्य. या दोन ठिकाणांत सुमारे पावणेचार हजार किलोमीटरचे अंतर आहे. अर्ज, पत्ता, विद्यापीठाला लिहिलेले पत्र किंवा नोकरीसाठीची माहिती लिहिताना हे नाव नेमके कोणत्या रूपात वापरायचे, हे आधी ठरवून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

हा घोळ कसा झाला, हे ठाऊक असले की नियम लक्षात राहतात. राजधानीसाठी नवी वसाहत उभारण्याचा कायदा 1790 मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी शहराला ‘वॉशिंग्टन’, तर भोवतालच्या संघीय प्रदेशाला ‘कोलंबिया’ ही नावे दिली गेली. तेव्हा शहर हा त्या प्रदेशाचा केवळ एक भाग होता. त्याच प्रदेशातल्या जॉर्जटाउन गावाचा कारभारही वेगळा चालत असे. 1871 च्या कायद्याने हे सगळे एका प्रशासनाखाली आले, आणि आज शहराची व ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया’ची हद्द एकच आहे. दरम्यान 1853 मध्ये वायव्येकडच्या वसाहतवाल्यांनी आपल्या नव्या प्रदेशासाठी कोलंबिया नदीवरून ‘कोलंबिया’ हे नाव मागितले होते. परंतु त्याची ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया’शी गल्लत होईल, या कारणाने काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याला ‘वॉशिंग्टन’ हे नाव दिले. तोच प्रदेश 1889 मध्ये राज्य झाला. गल्लत टाळण्यासाठी केलेल्या निवडीतूनच कायमची गल्लत निर्माण झाली.

राजधानीचा उल्लेख पहिल्यांदा येतो तेथे ‘वॉशिंग्टन, डी.सी.’ असे पूर्ण लिहावे; डी.सी. हे ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया’चे लघुरूप आहे. पुढे संदर्भ स्पष्ट असल्यास नुसते ‘वॉशिंग्टन’ चालते. अमेरिकी सरकार या अर्थाने वृत्तपत्रांत ‘वॉशिंग्टन’ येते, तेव्हाही डी.सी. जोडण्याची गरज नसते. शहराच्या नावाआधी ‘द’ हे उपपद कधीही लावू नये, मात्र ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया’च्या आधी ते लावलेच पाहिजे. तेथील रहिवासी बोलताना ‘डीसी’ किंवा ‘द डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. औपचारिक पत्रात पहिल्या उल्लेखासाठी ही रूपे वापरू नयेत.

सर्वाधिक चुका स्वल्पविरामाच्या होतात. शहर आणि डी.सी. यांच्यामध्ये स्वल्पविराम येतो, हे बहुतेकांना माहीत असते; पण वाक्य पुढे चालू राहणार असेल, तर डी.सी.नंतरही स्वल्पविराम द्यावा लागतो, हे सहसा शिकवले जात नाही. ‘शी मूव्हड टू वॉशिंग्टन, डी.सी., इन जून’ या वाक्यात दोन्ही स्वल्पविराम हवेत, कारण डी.सी. हा भाग तेथे शहराची ओळख पटवणारी जोड म्हणून आलेला असतो आणि अशी जोड दोन्ही बाजूंनी वेगळी काढली जाते. ‘सिएटल, वॉशिंग्टन,’ किंवा ‘शिकागो, इलिनॉय,’ यांनाही हाच नियम लागू होतो. वाक्य डी.सी.वरच संपत असेल, तर शेवटचा बिंदूच पूर्णविरामाचेही काम करतो; दुसरा देऊ नये. बिंदू देऊन ‘डी.सी.’ लिहावे की बिंदूंविना ‘डीसी’, याबाबत प्रकाशकांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. दोन्ही मान्य आहेत, परंतु एका मजकुरात दोन्ही मिसळणे हा निष्काळजीपणा आहे.

टपालाच्या पत्त्यात मात्र बिंदू देत नाहीत आणि डीसी व पाच अंकी झिप कोड (आपल्या पिन कोडसारखा क्रमांक) यांच्यामध्ये स्वल्पविरामही नसतो. तेथे आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी लागते. कॅपिटॉल ही संसदेची इमारत केंद्र मानून शहराचे चार भाग केलेले आहेत आणि रस्त्यांची तीच अक्षरे व तेच क्रमांक निरनिराळ्या भागांत पुन्हा येतात; त्यामुळे रस्त्याच्या नावानंतर दिशादर्शक अक्षरे गाळली, तर पत्र भलत्याच भागात जाऊ शकते. भारतीय दूतावासाचा पत्ता ‘2107 मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यू एनडब्ल्यू, वॉशिंग्टन, डीसी 20008’ असा आहे. यातील ‘एनडब्ल्यू’ म्हणजे वायव्य, आणि ती अक्षरे पत्त्याचा आवश्यक भाग आहेत.

राज्याबद्दल लिहिताना ‘वॉशिंग्टन स्टेट’ किंवा ‘द स्टेट ऑफ वॉशिंग्टन’ असे स्पष्ट म्हणावे. पत्त्यात त्याचे लघुरूप ‘डब्ल्यूए’ आहे. रेडमंड, बेलव्ह्यू व सिएटल परिसरात नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींनी येथे विशेष लक्ष द्यावे, कारण ऑनलाइन अर्जातील राज्यांच्या यादीत ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया’ आणि ‘वॉशिंग्टन’ हे दोन स्वतंत्र पर्याय असतात. याच राज्यात व्हँकुव्हर नावाचे शहर आहे. राज्याचे नाव न जोडल्यास वाचक ते कॅनडातले समजतो.

विद्यापीठांच्या बाबतीत तर एका शब्दाच्या जागेने सारे बदलते. ‘युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन’ सिएटलमध्ये आहे, ‘वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी’ त्याच राज्यातील पुलमनमध्ये, ‘जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी’ राजधानीत, आणि ‘वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी इन सेंट लुइस’ मिसूरी राज्यात. शेवटच्या संस्थेने ‘इन सेंट लुइस’ हे शब्द 1976 मध्ये मुद्दाम जोडून घेतले, तेव्हा ते गाळणे योग्य नाही. पुण्या-मुंबईहून अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांनी शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांनाही संस्थेचे पूर्ण नाव लिहून द्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

विमानाच्या तिकिटावर शहर म्हणून ‘वॉशिंग्टन’ दिसते. पण रेगन नॅशनल आणि डलेस हे दोन्ही विमानतळ व्हर्जिनिया राज्यात आहेत, आणि त्याच शहरासाठी सुचवला जाणारा बाल्टिमोरचा विमानतळ मेरिलँडमध्ये. म्हणून विमानतळाजवळच्या हॉटेलचा पत्ता लिहिताना सवयीने डीसी लिहू नये. हॉटेलने दिलेले गावाचे आणि राज्याचे नाव जसेच्या तसे उतरवावे.