घरातल्या स्मारक नाण्याची खरी किंमत कशी काढायची

आमच्याकडे आठवडी बाजाराच्या चिल्लरीत वैष्णोदेवीचं नाणं सापडलं की ते थेट देवघरात जातं. मग कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतं, 'याचे दहा लाख येतात!' नाही येत. २०१२ सालची ही पाच आणि दहा रुपयांची नाणी चलनात ढिगाने आली. १९८५ चं इंदिरा गांधींचं पाचाचं जाडजूड नाणंही तसंच. देव पाहून किंवा जुनं साल पाहून भाव ठरत नाही. ती किती निघाली आणि तुमच्या हातातलं नाणं किती कोरं राहिलंय, यावर तो ठरतो.

आधी चेहरा किंवा प्रसंग कोरलेली, म्हणजे स्मारक नाणी वेगळी काढा. स्वतंत्र भारतात हा सिलसिला १९६४ च्या नेहरूंच्या नाण्यापासून सुरू झाला.

मग चांदीची बाजूला करा. १९६९ चं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, त्यात ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम चांदी. १९७२ च्या स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं दहाचं २२.५ ग्रॅमचं, त्यात निम्मी चांदी. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने हिशेब करा, तो झाला तळाचा भाव.

सालाखालची टांकसाळीची खूण पाहा : हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकाता. टांकसाळीच्या पाकिटातला संच असेल तर पाकीट फोडू नका.

आता खरी अडचणीची पायरी, नाण्याची अवस्था ओळखणं. इथे मी स्वतः नुकसान केलंय. आजीच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत गांधीजींचं चांदीचं नाणं होतं. वरून काळपट, कडेला निळसर-जांभळी झाक. नागपूरला दाखवायला न्यायच्या आदल्या रात्री मी ते चिंच आणि राखेने घासून लखलखीत केलं. नाणेवाल्याने भिंग लावलं, खिडकीच्या उजेडात नाणं तिरकं धरलं आणि फक्त चांदीचा भाव सांगितला. गालावरच्या बारीक रेघा त्याने मलाही दाखवल्या. ती निळसर झाक हाच त्याच्या कोरेपणाचा पुरावा होता, आणि तो मीच पुसला होता.

म्हणून चिंच, लिंबू, टूथपेस्ट, पितांबरी यातलं काहीही नाण्याला लावू नका. माती असेल तर साध्या पाण्यात भिजत ठेवा आणि मऊ सुती कापडाने टिपा. टिपा म्हणजे टिपाच, चोळू नका. कडेला धरूनच उचला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामेजल्या बोटाचा ठसा कायमचा उमटतो.

एका दिव्याखाली नाणं हळूहळू फिरवा. कोऱ्या नाण्यावर चमकेचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. घासलेलं नाणं स्टीलच्या ताटासारखं सगळीकडून सारखंच चमकतं. मग उंचवटे तपासा, गाल, भुवई, सिंहांची छाती. झीज तिथूनच सुरू होते. तिथे सपाटी दिसली तर नाणं वापरलेलं आहे, मग कोणी काहीही म्हणो.

भाव बघताना जाहिरातीतला आकडा सोडून द्या, लिलावात प्रत्यक्ष किती रुपयांना गेलं ते पाहा. निदान दोन नाणेवाल्यांना दाखवा.

आणि विकणाऱ्याकडून कोणी पैसे मागितले तर तो चोर. नोंदणी फी, जीएसटी, कमिशन, नाव काहीही सांगो. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण कसलंही कमिशन घेत नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः जाहीर केलंय. आमच्या शेजारच्या गावातल्या एकाने पाच रुपयांच्या नाण्यापायी सोयाबीनच्या चुकाऱ्याचे पैसे तीन हप्त्यांत असे पाठवले. नाणं अजून त्याच्याच घरी आहे.