ऑफ-रोड आरसी ट्रक: शर्यतीआधी डिफरेन्शियलची तयारी

रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) ट्रकच्या शर्यतीच्या तयारीत टायर, बॅटरी आणि मोटर यांच्याकडे लक्ष आपोआप जाते. डिफरेन्शियल (थोडक्यात डिफ), म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी जोडणी, गिअरबॉक्सच्या आत बंद असल्यामुळे तो बिघडेपर्यंत त्याची आठवण होत नाही. वळणात ट्रक कसा वागेल, थ्रॉटल दाबल्यावर तो सरळ निघेल की मागून घसरेल, हे मात्र बऱ्याच अंशी त्याच्यावरच ठरते. म्हणून पुढील तयारी शर्यतीच्या किमान तीन-चार दिवस आधी सुरू करावी. डिफमध्ये भरायच्या दाट सिलिकॉन तेलातले हवेचे बुडबुडे वर यायला अख्खी रात्र लागू शकते, आणि घाईत बंद केलेला डिफ ट्रॅकवर नेमका कोणत्या अवस्थेत आहे हे कोणालाच सांगता येत नाही. माझ्या मते तेलाच्या बाटलीवरच्या दाटपणाच्या आकड्याइतकेच महत्त्व भरण्याच्या पद्धतीला आहे. प्रत्येक वेळी तेल त्याच रीतीने आणि त्याच मापाने भरले, तरच त्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

सर्वप्रथम आपल्या ट्रकमध्ये काय आहे ते नीट पाहावे. 1/10 स्केलच्या स्टेडियम ट्रकमध्ये आणि टू-व्हील ड्राइव्ह शॉर्ट कोर्स ट्रकमध्ये एकच डिफ असतो, तोही मागे. त्याच्यासोबत बहुधा स्लिपर क्लच (जोर फार झाला की सरकणारा क्लच) काम करतो. फोर-व्हील ड्राइव्ह शॉर्ट कोर्स ट्रकमध्ये पुढे व मागे डिफ असून मधे कुठे सेंटर डिफ, तर कुठे स्लिपर असतो. 1/8 स्केलच्या ट्रगीमध्ये (बग्गी आणि ट्रक यांच्या मधल्या प्रकारात) पुढचा, मधला आणि मागचा असे तीन गिअर डिफ असतात. तिन्ही एकाच घडणीचे दिसले तरी त्यांची कामे वेगळी आहेत, म्हणून त्यांची तयारीही वेगवेगळी करावी.

वळणात बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, आणि तो फरक डिफ सामावून घेतो. अडचण अशी की ज्या चाकाला जमीन कमी पकडते त्याच्याकडे फिरणे पळते. वळणात हलके झालेले आतले चाक नुसतेच भिरभिरते आणि जोर वाया जातो. गिअर डिफमधले दाट तेल या पळण्याला विरोध करते. बॉल डिफमध्ये हेच काम छर्रे आणि चकत्या यांच्यातले घर्षण करते. ट्रकचे टायर बग्गीच्या टायरपेक्षा मोठे व जड असतात, त्यामुळे डिफवर येणारा ताण जास्त असतो. म्हणूनच ट्रकमध्ये बग्गीपेक्षा थोडे दाट तेल वापरण्याची रीत आहे, आणि बग्गीचे सेटिंग जसेच्या तसे उचलणे योग्य नाही.

टू-व्हील ड्राइव्ह ट्रकसाठी गिअर की बॉल, हा निर्णय जमिनीकडे पाहून घ्यावा. सुकलेल्या, भुसभुशीत, धुळीच्या ट्रॅकवर बॉल डिफ हळुवार वागतो, मागचा भाग अचानक सुटत नाही, आणि हव्या त्या प्रमाणात घट्ट-सैल करता येतो. कार्पेटवर, कृत्रिम गवतावर किंवा टायर चिकटून राहावा अशा दाबलेल्या मातीवर, त्यातही ताकदवान ब्रशलेस मोटर असेल तर, बॉल डिफ लवकर झिजतो. तिथे गिअर डिफ घ्यावा. नवख्या चालकाने मला विचारले तर मी गिअर डिफच सुचवेन, कारण तो नीट भरला की बरेच दिवस एकसारखा वागतो. बॉल डिफची निगा मात्र जवळपास प्रत्येक शर्यतीगणिक राखावी लागते.

तेलाची निवड करताना बाटलीवरचा आकडा कोणत्या मापात आहे ते आधी वाचावे. डिफच्या तेलाचा दाटपणा सहसा सेंटीस्टोकमध्ये देतात. साध्या तापमानाला पाण्याचा दाटपणा सुमारे 1 सेंटीस्टोक असतो. यावरून 5,000 किंवा 10,000 म्हणजे किती दाट याची कल्पना येते. शॉकच्या तेलावर दिसणारे ‘वेट’ हे माप प्रत्येक कंपनीचे थोडे वेगळे असते, म्हणून दोन्ही मापांची गल्लत करू नये, आणि शक्यतो पुढे, मधे व मागे एकाच कंपनीचे तेल ठेवावे. सुरुवात किटच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापासून करावी. ट्रगीसाठी पुढे आणि मधे 7,000 ते 10,000 आणि मागे 3,000 ते 5,000 हा सर्वसाधारण आरंभ समजला जातो, आणि ट्रॅकनुसार त्यात फेरफार होतात.

हे फेरफार कोणत्या दिशेने करायचे ते कागदावर आधीच लिहून ठेवावे, कारण पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत) डोके शांत राहत नाही. पुढच्या डिफमध्ये तेल पातळ केले तर थ्रॉटल सोडून वळणात शिरताना ट्रक चटकन वळतो, पण बाहेर पडताना आतले पुढचे चाक फिरून जोर घालवते. दाट केले तर वळणात शिरताना ट्रक स्थिर राहतो आणि थ्रॉटलवर पुढची चाके त्याला खेचून बाहेर काढतात. फारच दाट केले तर स्टिअरिंग वळवूनही ट्रक बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. मागच्या डिफमध्ये पातळ तेलाने वळणातली बाजूची पकड वाढते. दाट तेलाने दोन्ही चाके एकत्र जोर लावतात. चांगल्या पकडीच्या जमिनीवर त्याचा फायदा होतो, सुट्या मातीवर मात्र मागचा भाग एकाएकी निसटतो. सेंटर डिफचा परिणाम सर्वांत ठळक असतो. थ्रॉटल दाबताच वजन मागे जाते, पुढची चाके हलकी होतात, आणि मधले तेल पातळ असेल तर सगळा जोर त्या हलक्या चाकांकडे धावतो. सरळ मार्गावर पुढचे टायर फुगून तबकडीसारखे दिसू लागले, तर मधले तेल दाट करण्याची वेळ आली असे समजावे. ट्रॅक खडबडीत असेल तर उलट थोडे पातळ तेल बरे, कारण दाट तेलाने ट्रक खाचखळग्यांवर अस्वस्थ होतो आणि मोटरही जास्त तापते. इलेक्ट्रिक ट्रगीत मोटरचा ब्रेक सेंटर डिफमधूनच दोन्ही टोकांना पोहोचतो, म्हणून तिथले तेल बदलले की ब्रेकची वागणूकही बदलते. नायट्रो ट्रगीत पुढच्या आणि मागच्या टोकाला वेगळ्या ब्रेक डिस्क असल्यामुळे ब्रेकची ती वाटणी लिंकेजवर (जोडदांड्यांवर) जुळवता येते.

डिफ उघडण्याआधी टेबलावर लागणारे सगळे मांडून ठेवावे. धार न गेलेले 1.5, 2 आणि 2.5 मि.मी.चे हेक्स ड्रायव्हर, नव्या ओ-रिंग (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या), नवे गॅस्केट, वेगवेगळ्या जाडीचे शिम वॉशर (फट भरणाऱ्या पातळ चकत्या), तेल, ओ-रिंगसाठी ग्रीस, तंतू न सोडणारा कागद, साफसफाईचा स्प्रे आणि 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा इतके पुरते. बोथट ड्रायव्हरने स्क्रूचे डोके गुळगुळीत झाले की पुढचे सगळे काम अडते, म्हणून ड्रायव्हरच्या बाबतीत काटकसर करू नये.

जुने तेल ओतताना त्याच्याकडे नीट पाहावे. किंचित करडेपणा नैसर्गिक आहे. काळे, चमकदार कणांचे तेल निघाले तर आतले गिअर किंवा पिन झिजत आहेत. तेल मुळातच कमी निघाले तर ते कुठून गळले ते शोधल्याशिवाय डिफ पुन्हा भरू नये. ओ-रिंग आधी काढून घ्याव्यात, कारण मोटर साफ करण्याचे जोरदार स्प्रे रबर फुगवतात आणि काही प्लॅस्टिकही खराब करतात. मग प्रत्येक गिअरचे दात, आडव्या पिनवर पडलेले खड्डे आणि आउटड्राइव्हच्या (डिफमधून बाहेर येणाऱ्या, चाकाकडे जाणारा शाफ्ट ज्यात बसतो त्या भागाच्या) खाचा बोटाने तपासाव्यात. ड्राइव्ह शाफ्टच्या पिनने आउटड्राइव्हमध्ये खोलगट घर केले असेल, तर सस्पेन्शन वर-खाली होताना शाफ्ट तिथे अडकतो, आणि चालक विनाकारण शॉकमध्ये दोष शोधत बसतो. बेअरिंग बोटावर फिरवून पाहावे; खरखर जाणवली तर ते धुऊन वापरण्यापेक्षा बदलावे.

जोडणी करताना आउटड्राइव्हच्या दांड्याला आणि ओ-रिंगला ग्रीसचा पातळ थर द्यावा. बाजूच्या गिअरमागे शिम बसवल्यावर आउटड्राइव्ह आत-बाहेर फार हलता कामा नये आणि फिरताना अडताही कामा नये. तेल न भरता डिफ एकदा हातात फिरवून पाहावा, कारण कोरड्या अवस्थेत जाणवणारी अडखळ दाट तेलात लपून जाते.

तेल भरण्याचे काम सावकाश करावे. आधी अर्धे तेल ओतून आउटड्राइव्ह हळूहळू फिरवावा, म्हणजे गिअरखालची हवा सुटून वर येते. मग आडव्या पिन जेमतेम बुडतील इतके तेल घालावे आणि धूळ पडणार नाही असे झाकून डिफ उभा ठेवावा. काही वेळाने पाहिले तर पातळी किंचित उतरलेली दिसते आणि पिनच्या कडेला बारीक बुडबुड्यांची रांग लागलेली असते. ती फुटून गेल्यावर पुन्हा भर घालावी. काठोकाठ मात्र भरू नये. तेल तापल्यावर प्रसरण पावते आणि जागा नसेल तर ओ-रिंगमधून वाट काढते. त्यानंतर वजन करावे. रिकाम्या आणि भरलेल्या डिफचे वजन वहीत लिहिले, आणि पुढच्या प्रत्येक वेळी तेच वजन गाठले, तर 7,000 चे 10,000 केल्यावर ट्रकमध्ये जाणवलेला फरक खरोखर तेलाचाच आहे हे कळते. झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे करत आवळावे. प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू आधी उलटा फिरवावा आणि जुन्या आट्यात बसल्याचे जाणवले की मगच पुढे न्यावा.

डिफ गिअरबॉक्समध्ये बसवताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, क्राउन गिअर (डिफवरचा मोठा गिअर) आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) यांची जुळणी: बेअरिंगमागचे शिम एका बाजूचे दुसऱ्या बाजूला नेऊन ती जुळवता येते. पूर्ण फेरा फिरवताना कुठेही घट्ट होणार नाही आणि हाताला जेमतेम जाणवेल इतकीच मोकळीक राहील, असे बसवावे. सैल जुळणी दात तोडते, तर घट्ट जुळणी उष्णता निर्माण करते. दुसरी, क्राउन गिअरची बाजू. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये एखादा डिफ उलटा बसला तर ते टोक विरुद्ध दिशेला फिरते, म्हणून झाकण लावण्याआधी मधला शाफ्ट हाताने फिरवून चारही चाकांची दिशा पाहून घ्यावी.

बॉल डिफ असेल तर चकत्यांचा पृष्ठभाग प्रकाशात धरून पाहावा. हलकी रेघ असेल तर चकती उलटी करून किंवा सपाट काचेवर 600 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून वापरता येते. खोल चर पडला असेल तर ती टाकून द्यावी. मोठ्या छर्‍यांना डिफचे पारदर्शक सिलिकॉन ग्रीस आणि थ्रस्ट बेअरिंगला (आवळण्याच्या स्क्रूवरच्या छोट्या बेअरिंगला) काळे ग्रीस लावतात. ही दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत, कारण काळ्या ग्रीसचे काम घर्षण कमी करण्याचे आहे आणि मोठ्या छर्‍यांना नेमके घर्षणच हवे असते. स्क्रू आवळताना मधूनमधून डिफ फिरवत राहावे, स्प्रिंग पूर्ण दबल्यावर पुस्तिकेप्रमाणे सुमारे पाव फेरा मागे यावे, आणि मग कमी थ्रॉटलवर आधी एक व मग दुसरे चाक धरून थोडा वेळ फिरवून तो रुळवावा. शेवटी दोन्ही मागची चाके घट्ट धरून स्पर गिअर (मोटर ज्याला फिरवते तो मोठा गिअर) अंगठ्याने पुढे ढकलावा. स्लिपर आधी सरकला पाहिजे, डिफ कधीच नाही. ट्रॅकवर जोरात निघताना मागून कर्कश आवाज आला तर डिफ सरकत असण्याची शक्यता मोठी, आणि तशीच शर्यत पुरी केली तर चकत्या हमखास जातात.

ट्रॅकवर जाताना शक्य असल्यास वेगळ्या तेलाचा तयार डिफ सोबत न्यावा आणि त्याच्यावर तेलाचा आकडा व भरल्याची तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावावी. सरावात एका वेळी एकाच डिफचे तेल बदलावे. प्रत्येक हीटनंतर (प्राथमिक फेरीनंतर) स्पर गिअर धरून एक चाक पुढे फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेला, एकसारख्या विरोधाने फिरले पाहिजे. विरोध एकदम कमी लागला तर तेल गळले आहे, मधेच अडखळले तर दात किंवा बेअरिंग गेले आहे. गिअरबॉक्सला हात लावून उष्णताही पाहावी, कारण सिलिकॉन तेल तापले की पातळ होते, आणि दुपारच्या उन्हात लांबलेल्या अंतिम फेरीत ट्रक सकाळपेक्षा सैल वाटण्याचे कारण बरेचदा तेच असते.

शर्यतीनंतर ट्रक पाण्याने धुतला असेल तर डिफच्या बाहेरची बेअरिंग त्याच संध्याकाळी काढून वाळवावीत आणि त्यांना हलके तेल द्यावे. आउटड्राइव्हभोवती तेलाला चिकटलेल्या धुळीचे कडे दिसले तर त्या बाजूची ओ-रिंग पुढच्या शर्यतीआधी बदलायची म्हणून वहीत टिपून ठेवावे.