आयसीयूतल्या पेशंटच्या कॅलरी ठरवताना या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात स्क्रब टायफसच्या तापाचा एक शेतकरी आमच्याकडे व्हेंटिलेटरवर होता. चौथ्या दिवशी स्ट्रेचरच्या काट्यावर वजन भरलं 62 किलो. किलोला 25 धरून मी 1550 कॅलरी लिहून मोकळी झाले. संध्याकाळी त्याची बायको म्हणाली, “हे एवढे नाई जी मॅडम. दिवाळीत कापसाच्या काट्यावर उभे राहिले तं चोपन भरले होते.” पायावर बोट दाबलं, खळगा तसाच राहिला. ते आठ किलो सलाईनचं पाणी होतं, आणि मी त्याला 200 कॅलरी जास्त लिहिल्या होत्या. सुजलेल्या अंगाचं वजन सूत्रात घालू नका. घरच्यांना आजारापूर्वीचं वजन विचारा, दंडाचा घेर मोजा.

सूत्र म्हणजे अंदाजच. वजन, उंची, वयावरून कॅलरी काढणारं हॅरिस-बेनेडिक्टचं सूत्र 1919 सालचं, तेही निरोगी माणसांवरून बसवलेलं. तापात फणफणलेला आणि गुंगीच्या औषधावर निपचित पडलेला, दोघांना ते जवळपास एकच आकडा देतं. म्हणून अंदाजावर चालायचं असेल तर पहिल्या आठवड्यात सूत्राच्या आकड्याच्या 70 टक्क्यांच्या आतच राहा. सुरुवातीला शरीर स्वतःच साखर तयार करत असतं. वरून पूर्ण कोटा ओतला की साखर चढते, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि व्हेंटिलेटर सुटायला वेळ लागतो. आधीच उपाशी, हाडकुळ्या माणसात तर रक्तातलं फॉस्फेट एकदम खाली येऊ शकतं. त्याला फीड (नळीतून द्यायचं अन्न) सुरू करण्याआधी थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) द्या; फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज बघा.

प्रोपोफॉल या गुंगीच्या औषधातल्या कॅलरी हमखास विसरतात. एका मिलीत 1.1 कॅलरी, म्हणजे तासाला 10 मिली चाललं तर दिवसाला 264. त्या फीडमधून वजा करा. उलट डाळीच्या पाण्यात फारसं काही नसतं, ते पोटभर फीड म्हणून धरू नका.

खरं मोजमाप इनडायरेक्ट कॅलरीमेट्रीचं. पेशंट किती ऑक्सिजन घेतो आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडतो, यावरून ती कॅलरींचा खर्च काढते. पण श्वासाच्या नळीतून किंवा छातीत घातलेल्या ड्रेनच्या नळीतून हवा गळत असेल, ऑक्सिजन 60 टक्क्यांच्या वर असेल, नुकतंच सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं) झालं असेल, तर तोही आकडा फसवा. आज मोजलेला आकडा पुढच्या आठवड्यात चालवू नका. हे मशीन तालुक्याच्या ठिकाणी कुठून येणार! मात्र तुमचा व्हेंटिलेटर मिनिटाला सुटणारा कार्बन डायऑक्साइड मिलीमध्ये दाखवत असेल, तर त्याला 8.19 ने गुणा. 180 असेल तर दिवसाला साधारण 1475 कॅलरी. हाही अंदाजच, पण त्याच पेशंटच्या श्वासावरून काढलेला.

आता आमच्या केसपेपरवर वजनापुढे एक शब्द लिहावाच लागतो: मोजलेलं, सांगितलेलं की अंदाजे.