भजनी सप्ताहासाठी 12 व्होल्टचा पॉवर सप्लाय: गोव्याच्या विजेवर आणि हवेत टिकेल असा

श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन थांबत नाही. एक पथक उठते, दुसरे बसते, मिक्सर मात्र चालूच असतो. आमच्या फोंडा तालुक्यातल्या देवळांतही सप्ताह भर पावसातच येतात. अशा वेळी आवाज गेला की लोक ॲम्प्लिफायरकडे बोट दाखवतात. माझ्या दुकानात असा मिक्सर किंवा इको युनिट आले की मी आधी त्याचा पॉवर सप्लाय, म्हणजे सॉकेटच्या विजेतून त्याला लागणारे डीसी व्होल्टेज तयार करणारा भाग, उघडते, आणि दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो. म्हणून मंडळांना मी सप्लाय वेगळा, स्वतः बांधून देते. तो कसा बांधायचा ते इथे सांगते. मिक्सर, इको आणि लहानसा डिस्प्ले मिळून 12 व्होल्टला 1 अँपिअर, एवढा भार धरू.

पहिले काम कागदावरचे आहे. 230 व्होल्ट हा आकडा विसरा. वारा सुटला, माडाची चुडती तारांवर आली, संध्याकाळी वाड्यावरचे सगळे पंप एकदम सुरू झाले की सॉकेटला 180 मिळतात. पहाटे भार उतरला की तेच 250 च्या वर जातात. मी 170 ते 260 धरून चालते. या दोन टोकांना जो सप्लाय टिकतो तो मधे कुठेही टिकतो.

आता नेहमीचा नकाशा घ्या: 15 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचे डीसी करणारे चार डायोड), 4700 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 7812 (12 व्होल्ट स्थिर ठेवणारी लिनिअर रेग्युलेटर चिप). वरवर ठीक वाटतो. 180 व्होल्टला ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर, म्हणजे बाहेरच्या गुंडाळीवर, 11.7 व्होल्ट येतात, त्याचे शिखर 16.6. ब्रिजमधल्या दोन डायोडचे मिळून 2 गेले, उरले 14.6. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे ब्रिजनंतर कपॅसिटर दर 10 मिलिसेकंदांनी भरतो. मधल्या वेळात 1 अँपिअर त्याच्यातूनच जातो, म्हणून व्होल्टेज 0.01 भागिले 0.0047, म्हणजे सुमारे 2.1 व्होल्ट खाली येते. तळ लागला 12.5 ला. 7812 ला नीट चालायला 14 तरी हवेत. तळ त्याच्या खाली गेला की तेवढ्या क्षणापुरते रेग्युलेशन सुटते, सेकंदाला शंभर वेळा. पेटीवादक येऊन सांगतात, "काकी, संध्याकाळी गुंऽऽ असा आवाज येतो, सकाळी नसतो." तो आवाज हाच. माइकची वायर बदलून तो जात नाही.

मग ट्रान्सफॉर्मर 18 व्होल्टचा घ्यावा, तर खालचे टोक सुटते आणि वरचे अडते. 260 ला शिखर 28.8, डायोड आणि रिपल (कपॅसिटरवरचा तो चढउतार) वजा करून सरासरी 26 च्या जवळ. 7812 ला 14 व्होल्ट अंगावर घ्यावे लागतात आणि 1 अँपिअरला जवळजवळ 14 वॉट नुसती उष्णता होते. मंडपात सप्लायची बंद पेटी आतून 45 अंश धरा. चिपची आतली मर्यादा 125 अंश, म्हणजे हातात 80 अंश. ते 14 वॉटमध्ये वाटले की वॉटमागे 5.7 अंश मिळतात. त्यातले 5 तर 7812 च्या स्वतःच्या पोटातच जातात. उरलेल्या 0.7 मध्ये मायका (चिपखालची विद्युतरोधक चकती) आणि हीटसिंक दोन्ही बसवायचे. तेवढा हीटसिंक अख्ख्या सप्लायपेक्षा मोठा होईल. लिनिअर रेग्युलेटर वाईट नाही, पण इतक्या भाराला आणि इतक्या हलणाऱ्या विजेला तो चुकीच्या जागी आहे.

म्हणून मी मधे बक कन्व्हर्टर, म्हणजे वेगाने चालू-बंद होऊन व्होल्टेज उतरवणारी चिप, घालते, एलएम2596. इनपुट 40 व्होल्टपर्यंत, 3 अँपिअर, 150 किलोहर्ट्झ. कार्यक्षमता 85 टक्के धरली तरी 12 वॉटच्या भाराला उष्णता 2 वॉटच्या आसपास राहते, आणि तीही चिप, कॉइल, डायोड यांच्यात वाटली जाते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: बकला वीज कमी मिळाली की तो करंट जास्त ओढतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर 18 व्होल्ट 2 अँपिअरचाच घ्या. कपॅसिटरवाल्या ब्रिजमध्ये सेकंडरीचा करंट बाहेरच्या डीसीच्या दीडपट ते पावणेदोनपट असतो, त्यामुळे 1 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आतून तापत राहतो. डायोडही 1एन4007 नकोत, 1एन5408 लावा.

बाजारातल्या तयार निळ्या मॉड्यूलपासून सावध राहा. त्यांवर बऱ्याचदा नकली चिप असते. ऑसिलोस्कोप लावला तर 150 च्या जागी 50 किलोहर्ट्झच्या आसपास दिसते. मग त्यावरची कॉइल कमी पडते आणि तापते. चिप खात्रीच्या विक्रेत्याकडून घ्या आणि कॉइल, शॉटकी डायोड डेटाशीटप्रमाणे निवडा.

बकचा सूक्ष्म गोंगाट प्रीअँपला (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाला) चालत नाही. बकनंतर 10 मायक्रोहेन्रीची कॉइल आणि 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला. या जोडीची सीमा 2.3 किलोहर्ट्झला येते, 150 किलोहर्ट्झ तिथून फार दूर राहतो. प्रीअँपला त्यापुढे वेगळा 7809, म्हणजे 9 व्होल्टचा लिनिअर रेग्युलेटर, द्या. 3 व्होल्ट आणि 150 मिलिअँपिअर म्हणजे अर्ध्या वॉटपेक्षा कमी, हीटसिंकही लागत नाही. इथे लिनिअर शोभून दिसतो. पण कॉइल वगळून नुसत्या 7809 वर भिस्त ठेवू नका. तो 100 हर्ट्झ छान अडवतो, 150 किलोहर्ट्झ त्याच्या हाताबाहेरचे.

कपॅसिटरवर पैसे वाचवू नका, हे मी प्रत्येक मंडळाला सांगते. मोठा कपॅसिटर 50 व्होल्टचाच हवा, कारण भार नसताना ट्रान्सफॉर्मर छापील आकड्याच्या वर जातो आणि 260 ला ब्रिजनंतर 32 व्होल्ट दिसू शकतात. 35 चा कपॅसिटर तिथे काठावर राहतो. आणि अंगावर 105 अंश छापलेलेच घ्या. तापमान 10 अंश उतरले की इलेक्ट्रोलिटिकचे आयुष्य साधारण दुप्पट होते. 2000 तासांचा 105 अंशवाला 65 अंशांना चालला तर 32000 तास जातो, 85 अंशवाला तेवढ्यातच 8000. किमतीत थोडासाच फरक असतो. तो हीटसिंकला चिकटवून मात्र बसवू नका, हिशेब तिथेच बिघडतो.

आता वीज आत शिरते ती बाजू. क्रम असा: आधी फ्यूज, मग व्हॅरिस्टर (व्होल्टेज फार चढले की करंट स्वतःतून वाहू देणारा भाग), मग ट्रान्सफॉर्मर. फ्यूज 315 मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो, फेजवर. व्हॅरिस्टर 14 मिलिमीटरचा, 320 व्होल्टवाला, फेज आणि न्यूट्रलमध्ये. 275 चा सगळे लावतात, पण 260 रोज सोसणाऱ्या लाइनवर तो सतत ताणात राहतो. वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटला तर एका घराला 400 व्होल्टपर्यंत मिळू शकतात. तेव्हा व्हॅरिस्टर शॉर्ट होऊन फ्यूज उडतो आणि पुढचे वाचते. फ्यूज त्याच्या नंतर असेल तर व्हॅरिस्टर जळत राहतो. त्याच्यावर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा, फुटला तर तुकडे उडत नाहीत. पावसाळा संपला की उघडून बघा, काळवंडला असेल तर बदला.

धातूच्या पेटीला अर्थ बांधायचाच, रंग खरवडून आणि दातेरी वॉशर घालून. आपल्याकडची चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होते, म्हणून देवळाच्या अर्थ-खड्ड्यात पाणी घातले जाते की नाही हे इलेक्ट्रिशियनला विचारा. प्रायमरी (सॉकेटच्या विजेची बाजू) आणि सेकंडरीच्या तांब्यात बोर्डवर किमान 6 मिलिमीटर अंतर सोडा. खारी हवा आणि ओल फ्लक्सच्या थरातून वाट काढते, म्हणून सोल्डर झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून धुवा, उन्हात वाळवा आणि ॲक्रिलिक लॅकरचे दोन हात द्या. कनेक्टर आधी टेपने झाका. हवेची भोके बाजूंना ठेवा, वर नको, आणि आतून बारीक जाळी लावा. उबेला पाली आणि मुंग्या आत शिरतात. बोर्डावर आडवी पडलेली पाल मी किती तरी सप्लायमधून काढली आहे. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसचे.

चाचणी घाई न करता घ्या. पहिल्यांदा 60 वॉटचा सिरीज बल्ब (विजेच्या वाटेत मधे जोडलेला तारेचा बल्ब) लावूनच वीज द्या. बल्ब क्षणभर उजळून विझला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर कुठे तरी शॉर्ट आहे. मग मिक्सर न लावता 12 ओहम, 25 वॉटचा रेझिस्टर जोडा. डिमरस्टॅटने (सॉकेटचे व्होल्टेज हवे तसे कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) 170 वर आणा आणि मोठ्या कपॅसिटरवरचा तळ ऑसिलोस्कोपवर बघा, 14 च्या खाली जाता कामा नये. ऑसिलोस्कोप नसेल तर बाहेरच्या 12 व्होल्टवर मल्टिमीटर एसीला लावा. डिमरस्टॅट खाली आणताना आकडा एकदम वाढू लागला की सीमा तिथे आहे. मग 260 वर नेऊन झाकण बंद करा आणि चार तास तसाच चालू द्या. वीज काढा, कपॅसिटर रेझिस्टरने रिकामा करा, आणि मगच आत हात घाला. मोठ्या कपॅसिटरवर बोट ठेवून दहापर्यंत मोजता आले तर तो साठ अंशांच्या बराच खाली आहे.

सप्लाय मंडळाकडे देताना झाकणाच्या आत कागद चिकटवा: फ्यूजचा आकडा, व्हॅरिस्टरचा आकडा, कपॅसिटर बसवल्याची तारीख. शेजारी जास्तीचे दोन फ्यूज टेपने लावून ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता कोणी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणार नाही.