कूलरच्या खिडकीकडे पण कॅमेरा लावा
उन्हाळ्यात गावाला जायच्या आधी एक बघा, कॅमेरा फक्त मेन गेटवर लावून थांबू नका. आपल्या नागपुरात खिडकीत कूलर बसवायला बरेच जण ग्रिल काढून टाकतात, मग कूलर बाहेरून सरकवला की माणूस सरळ आत, म्हणून एक कॅमेरा तिकडे पाहिजेच आणि कूलरच्या बाहेरून ग्रिल तर त्याच्याही आधी.

घेताना मेगापिक्सल नंतर बघा, आधी बॉक्सवर आयपी ६६ किंवा ६७ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) आहे का आणि किती डिग्रीपर्यंत चालतो ते वाचा, मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो अन् उन्हातली भिंत त्याहून तापते. छज्ज्याखाली ८-९ फुटांवर लावा, फार वर लावला तर नुसती टोपी दिसते. आमच्याकडे रात्री सगळं पांढरं धुकं दिसायचं, शिडी लावून बघितलं तर काचेसमोर कोळ्याचं जाळं, कॅमेऱ्याचा रात्रीचा इन्फ्रारेड उजेड त्यावरूनच परत येत होता!

डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, टीव्हीखाली नको, चोर तोच उचलून नेतो, कपाटात लॉक करा. कॅमेऱ्याचा आधीपासून असलेला पासवर्ड बदला, लाइट गेली तरी नेट चालू राहावं म्हणून राऊटरला छोटा यूपीएस द्या. अंगणात सेन्सरवाला लाइट लावा, आणि मोबाईलवर कोणी दिसलंच तर आधी ११२ लावा, मग शेजारच्या काकांना.