गोल्फ स्विंगचं मोशन ट्रॅकिंग: या चुका टाळा

डाउनस्विंग, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) वरून खाली चेंडूवर आणण्याची हालचाल, साधारण पाव सेकंदात संपतो. तेवढ्यात आधी कंबर फिरली की खांदे, हे मुरलेल्या कोचलाही नुसत्या डोळ्यांनी छातीठोकपणे सांगता येत नाही. अंगावर बांधलेला, हालचाल मोजणारा सेन्सर सांगतो, आणि म्हणूनच हे तंत्र शिकवण्याच्या फार कामाचं आहे. पण माप चुकलं, तर शिकणारा नसलेला दोष सुधारत बसतो आणि चांगला स्विंग बिघडवून घेतो. म्हणून आधी माप तपासा, मग माणूस.

गोव्यात बहुतेक गोंधळ घामाने होतो. कमरेचा सेन्सर मागच्या बाजूला, माकडहाडाच्या जरा वर घट्ट बसायला हवा. मोबोरसारख्या किनाऱ्यालगतच्या दमट हवेत थोड्याच फटक्यांत पट्टा ओला होऊन सरकतो, आणि स्क्रीनवर कंबर एकाएकी जास्त फिरलेली दिसते. आकड्यांनी अशी उडी मारली, की खेळाडूला सुरुवातीच्या पवित्र्यात पुन्हा उभं करा. तिथेच आकडे आधीसारखे येत नसतील, तर दोष स्विंगचा नाही. घाम पुसा, पट्टा आवळा, कॅलिब्रेशन (सुरुवातीच्या पवित्र्याशी सेन्सर जुळवून घेणं) नव्याने करा. पाठीचा सेन्सर सैल शर्टावर लावू नका. अंग थांबलं तरी कापड हलत राहतं.

पावसाळ्यात सराव पत्र्याच्या शेडखाली किंवा घराच्या पोर्चमध्ये, जाळी लावून चालतो. काही सेन्सर दिशा ओळखायला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेतात. लोखंडी खांब किंवा स्लॅबमधल्या सळ्या जवळ असल्या, की त्यांची दिशा चुकते. जागा दोन-तीन पावलं बदलून तोच पवित्रा घ्या आणि कोन बदलतो का ते पाहा.

सेन्सर नसेल तर मोबाइलही चालतो, पण साध्या व्हिडिओवर निष्कर्ष काढू नका. सेकंदाला 30 फ्रेममध्ये अख्खा डाउनस्विंग सात-आठ चित्रांत उरकतो. 240 फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये साठेक चित्रं मिळतात. मागून, म्हणजे लक्ष्याच्या विरुद्ध बाजूने, चित्रण करताना कॅमेरा हातांच्या उंचीला, हातांच्या रेषेत आणि लक्ष्याच्या दिशेला समांतर हवा. तो थोडा बाजूला गेला, तरी सरळ येणारा क्लब आतून किंवा बाहेरून येतोय असं भासतं. संध्याकाळी माडांच्या सावल्यांचे पट्टे अंगावर पडतात, तेव्हा सांधे ओळखणारं अ‍ॅप कोपर भलतीकडेच दाखवतं. उघड्या, एकसारख्या उजेडात या. एका कॅमेऱ्याने मोजलेलं कमरेचं फिरणं हा अंदाजच असतो, त्यावर पाच अंशांचा वाद घालू नका. आणि कोचला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक तपशील पुसले जातात.

माप नीट आलं, की मोह होतो तो व्यावसायिक खेळाडूंच्या आकड्यांचा. क्लब मागे नेताना खांदे 90 अंश फिरावेत, कंबर 45, असा ढोबळ नमुना सगळीकडे सांगितला जातो. फोंड्याहून रविवारी खेळायला येणाऱ्या साठीच्या गृहस्थांना तो लावणं मला अजिबात पटत नाही. नितंबाचे सांधे आखडलेले असले, तर उरलेला पीळ कंबरेच्या मणक्यांवर येतो. कोनापेक्षा क्रम बघा: खाली येताना कंबर, मग छाती, मग हात, शेवटी क्लब, या ओळीने प्रत्येकाचा वेग कळसाला पोचतो का? हात छातीच्या आधी कळसाला पोचत असतील, तर तिथे काम करण्यासारखं आहे.

तेही एका वेळी एकच. प्रत्येक फटक्यानंतर स्क्रीन दाखवू नका; पाच-सहा फटके मारू द्या, मग एकच गोष्ट सांगा. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये नवशिक्यांवर केलेल्या प्रयोगात, क्लबच्या हालचालीकडे लक्ष देणारे हातांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा अचूक ठरले. तेव्हा ‘कंबर आणखी दहा अंश फिरव’ म्हणण्याऐवजी ‘क्लब त्या झाडाकडे जाऊ दे’ म्हणा. आकडे कोचच्या वहीत राहू देत.

जाळीत चेंडू कुठे गेला ते कळत नाही, आणि शरीराचा सेन्सर ते सांगत नाही. चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करचा ठिपका काढा आणि तो भाग क्लबकडे ठेवून मारा. ठसा क्लबच्या तोंडावर उमटतो. सेन्सरचा आलेख सुधारला पण ठसा क्लबच्या टाचेकडेच (दांडीकडच्या बाजूला) उमटतोय, तर आधी चेंडूपासूनचं उभं राहण्याचं अंतर तपासा.